कॉलेजचा रंग प्रत्येकाच्या खांद्यावर

दीक्षान्त समारंभांचा हंगाम आला की काळा झगा हवा की उपरणं, यावर आपल्याकडे हमखास वाद पेटतो. झगा म्हणजे गुलामीची खूण, असं एक बाजू म्हणते. मग पगडी-उपरणं तरी नेमकं कुणाच्या परंपरेचं, असं दुसरी विचारते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण ज्या कपड्यावरून एवढं रण माजतं, त्याचं आयुष्य जेमतेम चार तासांचं असतं. ज्या ब्रिटिश विद्यापीठांकडून आपण झगा घेतला, तिथल्या विद्यार्थ्यांच्या गळ्यात आणखी एक वस्त्र असतं आणि नेमकं तेच आपण घेतलं नाही. ते म्हणजे कॉलेजच्या रंगांचा लोकरीचा मफलर. झगा गेला तर मला काडीचं दुःख होणार नाही. मफलरमागची कल्पना मात्र आपण उशिरा का होईना उचलायला हवी, आणि ती फक्त खेळाडूंसाठी किंवा गुणवंतांसाठी नव्हे, तर प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकासाठी.

आधी ही वस्तू नीट पाहू. केंब्रिजमध्ये किंग्ज परेड नावाच्या रस्त्यावर ‘रायडर अँड एमीज’ हे विद्यापीठाच्या कपड्यांचं जुनं दुकान आहे. त्याच्या काचेआड कॉलेजांचे मफलर मांडलेले असतात आणि त्याच काचेवर विद्यापीठाच्या संघांत कोण कोण निवडलं गेलं त्याच्या याद्याही लागतात. जाड, मऊ लोकरी कापडाच्या लांब पट्ट्या कापायच्या, रंगांच्या ठरलेल्या क्रमाने त्या एकमेकींना जोडून शिवायच्या, की साधारण सहा फुटांचा मफलर होतो. रेघा उभ्या, म्हणजे लांबीच्या दिशेने धावणाऱ्या. फुटबॉल क्लबच्या विणलेल्या मफलरवर असतात तसे आडवे पट्टे इथे सहसा नसतात. किंग्ज कॉलेजचा जांभळा-पांढरा, क्लेअरचा काळा-पिवळा, क्वीन्सचा हिरवा-पांढरा, क्राइस्ट्सचा तपकिरी-पांढरा, इमॅन्युएलचा गडद निळ्यावर गुलाबी. केंब्रिजमध्ये ३१ कॉलेजं आहेत आणि प्रत्येकाचा रंगमेळ वेगळा. १९६० साली स्थापन झालेल्या चर्चिल कॉलेजनेही तपकिरी आणि गुलाबी अशी आपली जोडी ठरवून टाकली. चारशे-पाचशे वर्षांचा इतिहास नाही म्हणून ते अडून बसलं नाही.

या मफलरवर परंपरेने एक अक्षरही नसतं. नाव नाही, बोधचिन्ह नाही, ब्रीदवाक्य नाही. ज्याला रंग वाचता येतात त्यालाच कळतं, बाकीच्यांसाठी तो थंडीतला एक रेघारेघांचा मफलर. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आज विद्यापीठं स्वतःची जाहिरात करायला इतकी उतावीळ झाली आहेत की टोपी, पेला, पेन, पिशवी, दिसेल त्या वस्तूवर नाव छापतात. अंगावर मोठ्या अक्षरांत नाव मिरवणारी हुडी घालणारा विद्यार्थी चालता-फिरता फलक होतो. मफलरमध्ये तो फलक होत नाही. आपण कुठले आहोत हे तो ज्याला ठाऊक आहे त्याला सांगतो आणि इतरांवर ते लादत नाही. हल्ली काही मफलरांच्या टोकाला बोधचिन्ह भरतकाम करून देतात. त्याने मफलरचा सगळा डौल जातो, असं मी म्हणेन.

हे रंग आले कुठून? नदीवरून. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यातली पहिली नौकाशर्यत १८२९ साली हेन्लीला झाली. पुढची शर्यत १८३६ ची. त्या वेळी केंब्रिजच्या नावेला ऐन वेळी फिकट निळी फीत बांधली गेली आणि तो रंग केंब्रिजला कायमचा चिकटला. ऑक्सफर्डकडे गडद निळा राहिला. कुठल्याही समितीने, कुठल्याही कुलगुरूंनी हे ठरवलेलं नव्हतं. हळूहळू कॉलेजांच्या नौका-मंडळांचे रंग पक्के झाले, ते वल्ह्यांवर, जर्सीवर, कोटावर आले. विद्यापीठाकडून खेळणाऱ्याला ‘ब्लू’ मिळू लागला, म्हणजे विद्यापीठाच्या निळ्या रंगाचा कोट घालण्याचा मान. हा मान द्यायला विद्यापीठं भारी चिकट होती. स्त्रियांची नौकाशर्यत १९२७ पासून होते, पण पुरुषांच्याच दिवशी आणि टेम्सच्या त्याच प्रवाहात ती व्हायला २०१५ साल उजाडावं लागलं.

मफलरने नेमकी हीच कोंडी फोडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे कधीतरी हे रंग खेळाडूच्या कोटावरून उतरले आणि साध्या विद्यार्थ्याच्या गळ्यात आले. ज्याने आयुष्यात वल्हं हातात धरलं नाही, ज्याला क्रिकेटची बॅट नीट पेलत नाही, जो दिवसभर ग्रंथालयात बसून लॅटिन क्रियापदं घोकतो, त्याच्याही. रंग मिळवावा लागत नाही, प्रवेश झाला की तो तुमचा. शैक्षणिक परंपरांच्या साऱ्या पसाऱ्यात इतकी उदार गोष्ट मला दुसरी दिसत नाही.

झग्याशी ताडून पाहिलं की हे लख्ख कळतं. ऑक्सफर्डमध्ये पदवीपूर्व विद्यार्थ्यांचे झगे आजही दोन प्रकारचे आहेत. सर्वसाधारण विद्यार्थ्याचा आखूड, बाह्यांऐवजी नुसत्या पट्ट्या लोंबणारा. आणि पहिल्या परीक्षेत अव्वल आलेल्या स्कॉलरचा लांब, बाह्यांचा. परीक्षेच्या सभागृहात शेजारी बसलेला आपल्यापेक्षा हुशार ठरलाय की नाही, ते पेपर हातात पडण्याआधीच कपड्यावरून कळतं. यावर २०१८ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांतच जोरदार वाद झाला. गंमत अशी की २०१५ मध्ये परीक्षेचा पारंपरिक पोशाख सक्तीचा ठेवावा का, यावर विद्यार्थ्यांचं मतदान झालं, तेव्हा तीन चतुर्थांशांहून अधिक जणांनी तो ठेवायचा कौल दिला. म्हणजे खुणा माणसांना हव्याच असतात. त्या खुणेने माणसं जोडायची की त्यांची उतरंड लावायची, एवढाच प्रश्न आहे.

झग्याचा आणखी एक इतिहास आपण विसरतो. केंब्रिजमध्ये १९६० च्या दशकापर्यंत अंधार पडल्यावर विद्यार्थ्याने झगा घालूनच बाहेर पडायचं, असा नियम होता. प्रॉक्टर नावाचे शिस्त-अधिकारी टोप्या घातलेले दोन शिपाई बरोबर घेऊन गल्ल्यांतून फिरत, बिनझग्याच्या तरुणाला अडवून नाव आणि कॉलेज विचारत. दंड ठरलेला: ६ शिलिंग ८ पेन्स. झगा हे पहाऱ्याचं साधन होतं. मफलर मात्र कुणी कुणाला घालायला लावला नाही. थंडी वाजते म्हणून घ्यायचा, आवडतो म्हणून घ्यायचा, नको असेल तर कपाटात ठेवायचा.

आणि झगा कुणाला नाकारला गेला तेही बघा. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ साली ऑक्सफर्डच्या सोमरव्हिल या स्त्रियांच्या कॉलेजात दाखल झाल्या. १८९२ मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. पदवी मात्र १९२० नंतरच त्यांच्या हातात पडली, कारण त्याआधी ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवीच देत नव्हतं. केंब्रिजने तर त्याहून कहर केला. १८९७ मध्ये स्त्रियांना पदव्या देण्याच्या प्रस्तावावर मतदान होतं, तेव्हा सायकलवर बसवलेला स्त्रीचा पुतळा सेनेट हाउससमोर टांगला गेला. १९२१ मध्ये पुन्हा नकार मिळाला आणि विजयाच्या धुंदीत पुरुष विद्यार्थ्यांनी हातगाडी आपटून स्त्रियांच्या न्यूनम कॉलेजच्या दाराची नासधूस केली. स्त्रियांना केंब्रिजची पूर्ण पदवी मिळाली १९४८ मध्ये. पण त्याच्या चाळीस वर्षं आधी, जून १९०८ मध्ये, मताधिकारासाठी लंडनमध्ये निघालेल्या मोर्च्यात केंब्रिजला शिकलेल्या स्त्रिया फिकट निळ्या रेशमाचा बॅनर घेऊन चालल्या. विद्यापीठ त्यांना झगा देत नव्हतं, पदवी देत नव्हतं, सदस्यत्व देत नव्हतं. रंग त्यांनी कुणाला न विचारता घेतला. पदवी देणारा ती रोखून धरू शकतो, पण रंगावर अशी मालकी कुणालाच सांगता येत नाही, याचा याहून चांगला पुरावा मला शोधूनही सापडणार नाही.

गरीब विद्यार्थ्यांचंही तसंच. केंब्रिजला कॉलेजचा खर्च ज्यांना झेपत नसे, अशांसाठी १८६९ मध्ये विद्यापीठाने कॉलेजबाह्य विद्यार्थ्यांची सोय केली. तीच पुढे फिट्झविल्यम हाउस म्हणून ओळखली जाऊ लागली. त्याला कॉलेजचा पूर्ण दर्जा मिळाला १९६६ मध्ये. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं इथले विद्यार्थी विद्यापीठात असूनही कुठल्याच कॉलेजचे नव्हते. पण फिट्झविल्यमचे स्वतःचे रंग होते, राखाडी आणि मरून. आपले जयंत नारळीकर याच फिट्झविल्यम हाउसचे, आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते तिथे शिकले तेव्हा त्याला अजून कॉलेज म्हणत नव्हते. रस्त्यात चालताना ट्रिनिटीच्या विद्यार्थ्याच्या गळ्यात एक मफलर आणि फिट्झविल्यमच्या विद्यार्थ्याच्या गळ्यात दुसरा. दोन्ही त्याच जाडीच्या लोकरीचे, त्याच लांबीचे. इमारत, जमीन, तिजोरी यांत जमीन-अस्मानाचं अंतर असताना निदान गळ्यातल्या कापडापुरती तरी बरोबरी होती.

आता यावर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. पहिला असा की मफलरसुद्धा शेवटी मिरवण्याचीच वस्तू आहे. कॉलेजच्या नावाला वजन आहे म्हणूनच त्याच्या रंगाला आहे. शहरातल्या दुकानात, खाणावळीत, सफाईच्या कामावर राबणाऱ्या माणसाला तो रंग काय सांगतो? की हा त्यांच्यातला, मी नव्हे. ऑक्सफर्डमध्ये शहर आणि विद्यापीठ यांचं वैर फार जुनं आहे. १३५५ च्या फेब्रुवारीत एका खानावळीतल्या दारूच्या तक्रारीवरून दंगल पेटली, दोन्हीकडची माणसं मेली आणि शहराच्या महापौराला त्याबद्दल दरवर्षी प्रायश्चित्त घ्यावं लागे. ही प्रथा १८२५ पर्यंत चालली. अशा गावात विद्यार्थी असल्याची खूण अंगावर बाळगणं निरागस कधीच नव्हतं. हे मी मान्य करतो. पण ज्या विषमतेवर बोट ठेवायचं ती प्रवेशाच्या दारात आहे, खासगी शाळांतून येणाऱ्या मुलांच्या प्रमाणात आहे, जमिनींच्या मालकीत आहे. मफलर काढून टाकला तर ती तसूभरही कमी होणार नाही, फक्त दिसेनाशी होईल.

दुसरा आक्षेप पैशांचा, आणि तो मला जास्त बोचतो. हा मफलर तीस-चाळीस पौंडांच्या घरात जातो. कर्ज काढून शिकणाऱ्या, आठवड्याच्या किराण्याचा हिशोब मांडणाऱ्या मुलाला ही रक्कम किरकोळ नाही. मुंबई-पुण्याहून, नागपूर-औरंगाबादहून एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला गेलेली आपली मुलं तर पहिले काही महिने प्रत्येक पौंडाला रुपयांनी गुणत असतात. दुकानात जाऊन विकत घ्यावा लागतो तिथे मफलरच्या उदारपणाला कात्री लागते: रंग सगळ्यांचा, पण परवडेल त्याच्या गळ्यात. कॉलेजांनी तो पहिल्या आठवड्यात खोलीच्या किल्लीबरोबर प्रत्येकाच्या हातात द्यायला हवा, फुकट. शतकानुशतकांच्या ठेवींवर बसलेल्या कॉलेजांना हे जड जाण्याचं काहीच कारण नाही.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत रंगाची कल्पना आलीच नाही असं नाही. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की ‘युनिव्हर्सिटी कलर मिळाला’ असं आपण आजही म्हणतो. कलर होल्डर खेळाडूचा कोट हा कॉलेजातला सर्वांत मोठा रुबाब. राज्यातल्या विद्यापीठांच्या अश्वमेध क्रीडा स्पर्धेला जाणाऱ्या मुलामुलींचे ते फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. म्हणजे नौकाशर्यतीतून निघालेला धागा आपल्यापर्यंत आला, पण खेळाडूच्या कोटाशी येऊन थांबला. तिथून उतरून साध्या विद्यार्थ्याच्या खांद्यावर तो गेलाच नाही. संस्थेचा रंग ही आपल्याकडे अजूनही निवडलेल्या थोड्यांची मिळकत आहे.

बाकीच्यांच्या गळ्यात आपण काय दिलं? ओळखपत्र. फीत लावलेलं, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं. फाटकावर सुरक्षारक्षकाला दाखवायचं, विसरलं तर दंड भरायचा किंवा घरी परत जायचं. प्रॉक्टरचे ते दोन शिपाई विलायतेत निवृत्त झाले आणि आपल्या कॉलेजांच्या फाटकावर नोकरीला लागले. फाटकाबाहेर पडताक्षणी पोरं ती फीत गळ्यातून काढून दप्तरात कोंबतात, हे कुठल्याही कॉलेजसमोरच्या चहाच्या टपरीवर पाच मिनिटं उभं राहून बघता येतं. जी खूण फाटकाबाहेर नकोशी होते, तिने आपलेपणा कसा येणार?

आणि शेवटी पदवीच्या दिवशी उपरणं. झगा घालवून आपण काही कमावलं असं म्हणण्याआधी या दिवसाकडे जरा जवळून पाहावं. टेबलावर अनामत रक्कम भरायची, यादीत सही करायची, घडी मोडलेलं उपरणं घ्यायचं, त्यावर आधीच्या तुकडीच्या अत्तराचा वास. फोटो झाले की पुन्हा त्याच रांगेत उभं राहून ते परत करायचं, कारण दुपारच्या सत्राला दुसऱ्यांना लागणार असतं. झगा परका होता, भाड्याचा होता. उपरणं आपलं म्हणे, पण तेही भाड्याचंच. २०१० मध्ये भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेत तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी भर समारंभात झगा उतरवून त्याला वसाहतवादाचा रानटी अवशेष म्हटलं, तेव्हा देशभर चर्चा झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने समारंभाचे पोशाख हातमागाच्या कापडाचे करा, असं विद्यापीठांना सुचवलं. सगळी चर्चा कापड कुठलं आणि शिवण कुठली याचीच. ते कापड विद्यार्थ्याकडे राहणार का, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक कॉलेजने आपले दोन किंवा तीन रंग ठरवावेत. आपल्या हवेत लोकर काय कामाची. सुती उपरणं किंवा पंचाच्या रुंदीचं, रंगीत काठांचं वस्त्र पुरे, उन्हात डोक्याला गुंडाळता येईल, पावसात मान पुसता येईल, थंडीत गळ्याभोवती येईल असं. सोलापूर, इचलकरंजी, नागपूर यांच्या आसपास विणकर आहेत, माग आहेत, आणि दरवर्षी ठरलेल्या वेळी येणारी मागणी त्यांना नको आहे असं थोडंच आहे. हे वस्त्र प्रवेशाच्या दिवशी द्यावं, पदवीच्या नव्हे. तीन वर्षं वापरून विरलेलं, धुऊन मऊ झालेलं तेच वस्त्र खांद्यावर टाकून विद्यार्थ्याने पदवी घ्यावी. मध्येच शिक्षण सुटलं, तरी ते त्याचंच राहावं. आपल्याकडे अर्ध्यावर कॉलेज सोडणारी मुलं, त्यातही मुली, कमी नाहीत. पदवी मिळाली नाही म्हणून ती त्या कॉलेजची नव्हतीच, असं कोण म्हणेल?

एक अट मात्र हवीच: सक्ती नको. अलीकडे कॉलेजांना पेहरावाचे नियम करण्याची भारी हौस आली आहे. मुंबईतल्या एका कॉलेजने हिजाब-टोपीवर घातलेल्या बंदीचं प्रकरण २०२४ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. रंगाचं वस्त्र जर ‘सोमवारी आणि गुरुवारी अनिवार्य’ अशा सूचनेने फलकावर लागलं, तर त्याचं ओळखपत्र व्हायला आठवडा लागणार नाही. एखाद्या मुलीने ते बुरख्यावर घेतलं, एखाद्याने जीन्सवर, एखाद्याने कधीच घेतलं नाही, तर कॉलेजने त्याकडे बघायचंसुद्धा कारण नाही.

सर्वांत अवघड भाग रंग निवडण्याचा आहे, आणि त्याबद्दल मी भोळा नाही. महाराष्ट्रात भगवा, निळा, हिरवा, पिवळा हे नुसते रंग राहिलेले नाहीत, प्रत्येकामागे मिरवणूक उभी आहे. पगडीच्या बाबतीत काय झालं ते ताजं आहे. २०१९ च्या सुरुवातीला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पदवीप्रदान समारंभात पुणेरी पगडी नको, महात्मा फुले यांची पगडी हवी, म्हणून विद्यार्थ्यांनी आवाज उठवला. त्यांचं चुकलं नव्हतं. पगडी एका डोक्यावरून येते, ती कुणाचं डोकं हे विचारलं जाणारच. गतकाळातल्या एका समाजाचा पोशाख उचलून सगळ्यांचा म्हणून दिला की ज्यांच्या आजोबांना तो घालायची मुभा नव्हती, ते बोलणारच. म्हणून मला वाटतं, जुन्या वैभवाची प्रतिकृती करण्याच्या भानगडीत पडू नये. केंब्रिजमध्ये एकटा हिरवा कुणाचाच नाही; हिरव्या-पांढऱ्याचा मेळ क्वीन्सचा आहे. ओळख एका रंगात नसून रंगांच्या शेजारात आहे. राखाडी आणि मरून, तपकिरी आणि गुलाबी, या जोड्यांवर आजवर कुठल्या पक्षाने झेंडा रोवलेला नाही. आपल्याकडे अशा जोड्या काय कमी आहेत? जांभूळ आणि चुना, काळी माती आणि कापूस, शेवाळी आणि हळद.

आणि त्या संस्थाचालकांनी बंद खोलीत ठरवू नयेत. विद्यार्थ्यांनी रंग सुचवावेत, वर्गावर्गात नमुने फिरावेत, गुप्त मतदान व्हावं, त्यात शिपाई आणि ग्रंथालयातल्या मदतनीस बाईंनाही मत असावं. एकदा ठरलेले रंग निदान पंचवीस वर्षं तरी कुठल्याही नव्या प्राचार्यांना, नव्या अध्यक्षांना बदलता येणार नाहीत, अशी तरतूद ठरावात लिहून ठेवावी. जूनमध्ये प्रवेश सुरू होतात. एखाद्या कॉलेजने डिसेंबरात मतदान घेतलं आणि जानेवारीत मागावर ताणा चढवला, तर पुढच्या तुकडीच्या हातात ओळखपत्राआधी ते वस्त्र पडू शकतं.